जिथून उचललं तिथं

"काका, याची आई मेलीय."

"मेलेली पाहिलीस?"

"नाही. पण एकटंच बसलं होतं ना भिंतीपाशी."

परवाचा संवाद. मुलगी अकरावी-बारावीतली असेल. प्रवेशाच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला आली होती आणि ओढणीत गुंडाळून पिंगळ्याचं, म्हणजे लहानशा घुबडाचं, पिल्लू घेऊन आली होती. ओढणीतून दोन पिवळे डोळे माझ्याकडे रागाने बघत होते. एवढंसं पिल्लू, पण कपाळावर आठ्या एखाद्या तलाठ्याच्या.

पंचवटीत माझं दुकान आहे. सातबारा, आधार, जातीचा दाखला, स्पायरल बाइंडिंग. मार्चपासून जुलैपर्यंत मात्र लोक पाखरं आणून देतात, कारण कुणीतरी कुणालातरी सांगितलंय की "तो झेरॉक्सवाला पक्षी सांभाळतो." मी फारसं काही सांभाळत नाही. पहिला प्रश्न विचारतो, कुठून उचललं? आणि दुसरा, तिथं परत घेऊन चलतेस का?

त्या मुलीला हे आवडलं नाही. तिला वाटलं मी अंग काढून घेतोय. अनेकांना वाटतं.

पिंगळ्याची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच ढोलीतून बाहेर पडतात. फांदीवरून सरकतात, धडपडतात, कधी जमिनीवर येतात. आईबाप आसपासच असतात, पण भर दुपारी पिंगळा बाहेर आला की कावळे त्याला सळो की पळो करून सोडतात, म्हणून ते अंधार पडेपर्यंत पानांत गप्प बसतात. आपण दुपारी येतो, पिल्लू एकटं बघतो आणि त्याला पोरकं ठरवून मोकळे होतो. वर "माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही" हे आहेच. माझी आई अजून हेच सांगते. पक्षी आपल्या हाताच्या वासावरून पिल्लू टाकत नाहीत. एवढ्या आठवड्यांची मेहनत कोण टाकेल?

पंख, पाय तपासले. धड होते. ढोली जुन्या चिंचेत, पंधरा-वीस फुटांवर. माझं वय बावन्न, चिंचेवर चढायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या फळवाल्याकडून वेताची करंडी घेतली, तळाला पावसाचं पाणी निघून जायला भोकं होतीच, आत वाळका पाला घातला आणि मांजराची उडी पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर ढोलीखालच्या फांदीला सुतळीने बांधली. मग रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या बाकावर बसलो. मुलगी, तिची मैत्रीण आणि मी. दोन-दोन ग्लास रस झाला. पावणेसात, सात. मुलीच्या घरून दोनदा फोन. सव्वासातच्या सुमाराला चिंचेत चिरक-चिरक सुरू झालं, करंडीतून उत्तर गेलं, आणि चोचीत कसलासा मोठा किडा घेऊन एक पिंगळा करंडीच्या काठावर उतरला. मैत्रीण एवढ्या जोरात ओरडली की रसवंतीवाला बाहेर आला. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "हे बोललं की कुणीतरी जातं म्हणतात." पहाटे कुडमुडं वाजवत दारोदार येणाऱ्या पिंगळा जोशालाही लोक आधी घाबरतात आणि मग सूपभर धान्य घालतात. पक्ष्याच्या वाट्याला नुसती भीतीच येते.

मला हे सगळं आधीपासून कळत होतं असं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी पावसाळ्याआधीच्या छाटणीत समोरच्या शेवग्याची एक जाड फांदी खाली आली. तिच्यात तांबट पक्ष्याची कोरलेली ढोली होती, आत एक पिल्लू. मी ते घरी आणलं. दूधपोळी कालवली. उन्हाने चोच वासून बसलं होतं म्हणून शाईच्या ड्रॉपरने पाणी पाजलं, प्रेमाने, चांगलं दोन-तीन वेळा. नाकपुडीतून बुडबुडे आले. दहा मिनिटांत मान टाकली.

नंतर एका पशुवैद्यांनी मला चिमणीची चोच उघडून दाखवली. जिभेच्या अगदी मागे एक बारीक फट उघडझाप करत होती. ती श्वासनलिका. वरून टाकलेला थेंब थेट तिथं जातो. पाजायचंच असेल तर चोचीच्या कडेला ओलं बोट लावायचं, तेही पिल्लू हुशारीत असेल तर. दूध पक्ष्याला पचत नाही. ते पचवायची सोयच त्याच्या पोटात नसते. आणि गार पडलेल्या पिल्लाला काहीही भरवू नये, आधी ऊब. मी विचारलं, मग मी काय करायला हवं होतं? ते म्हणाले, "ढोलीचा तुकडा तसाच कापून घ्यायचा आणि जवळच्या झाडाला उभा बांधायचा. तांबट आले असते कदाचित." कदाचित. तो शेवगा गेला, पण तो 'कदाचित' अजून आहे.

तेव्हापासून दहा रिमांचं कागदाचं खोकं मी भंगारात घालत नाही. बाइंडिंगच्या दाभणाने बाजूंना भोकं पाडायची (पाखरू आत ठेवायच्या आधी, नंतर नव्हे; हेही सांगावं लागतं), खाली जुना पंचा, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात, म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लाला दूर सरकता येतं. झाकण बंद. आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट, उघडून बघायचं नाही. गिऱ्हाइकांची पोरं हट्ट करतात, मोठी माणसं मोबाइल काढतात. अंधार आणि शांतता हेच पहिलं औषध, पण औषध म्हणावं असं त्यात काही दिसत नाही ना.

जखमी असेल तर 1926 वर वनविभागाला फोन. वन्यजीव कायदा 1972 चा आहे, त्यात पोपट काय नि पिंगळा काय, हौसेने घरात ठेवता येत नाही. मला कुणी 'पक्षीमित्र' म्हणून हार घालायला आलं तर मी आधी हे सांगतो, की माझं काम खोक्यापुरतं आहे.

पिल्लू जिथून उचललं तिथंच परत ठेवायचं, बिबट्याच्या बाबतीतही तेच करतात, हे मी डोळ्यांनी बघितलं. मावसभावाचा निफाडकडे ऊस आहे. तोड चालू असताना सरीत तीन बछडे मिळाले, मांजराएवढे. बघ्यांची जत्रा जमली. वनविभागाच्या लोकांनी तपासणी केली आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये बछडे ठेवून, कॅमेरा लावून सगळ्यांना हाकललं. सकाळी क्रेट रिकामा. रात्रीत तीन फेऱ्या मारून मादी एकेक उचलून घेऊन गेली होती. मावसभाऊ म्हणाला, "पिल्लं मिळाली नसती तर वस्तीवर आली असती ती." जुन्नरकडेही असंच करतात.

पण परत ठेवून सगळं भागत नाही. यंदाची संक्रांत.

किंक्रांतीच्या सकाळी गोदाकाठच्या पिंपळाला एक घार उलटी लटकत होती. नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 ला त्यावर देशभर बंदी घातली. आमच्या पोरांना तो अजून मिळतो, कुठं ते सगळ्यांना माहीत आहे. अग्निशमनचे लोक शिडी घेऊन आले. मी खालून एकच ओरडत होतो, ओढू नका, कापा, पंखाला गुंडाळलेला तसाच राहू द्या. तोंडावर पोतं टाकलं तशी ती शांत झाली. पण जाता जाता एक पंजा माझ्या अंगठ्यात रुतला, त्याची खूण आहे.

उजव्या पंखात, खांद्यापासून मनगटापर्यंत जी पातळ कातडी ताणलेली असते, ती फाटली होती. वरून चार मोठी पिसं कापली गेलेली. म्हसरूळच्या उपचार केंद्रात टाके पडले, कातडी भरून आली. पिसांचं तसं नाही. कापलेलं पीस नखासारखं वाढत नाही. त्याचं थोटूक गळून पडावं लागतं, मग नवं येतं, आणि मोठी पिसं वर्षातून एकदाच बदलतात, तीही एकेक करून. घारीचं पोट तरंगण्यावर. नुसतं या खांबावरून त्या खांबावर जाता येणं तिला पुरत नाही.

मी पंधरा दिवसांतून एकदा फोन करतो. गेल्या आठवड्यात तिथला मुलगा म्हणाला, "काका, दोन नवी पिसं आलीत. वळताना अजून झुकते, पण आता खाली नाही पडत." मग त्याने विचारलं, सोडायची वेळ आली तर कुठे सोडायची, म्हणजे मूळची कुठली?

पिंपळाला आता नवी पालवी फुटलीय. शिडी वरच्या फांद्यांपर्यंत पोहोचली नव्हती, त्यामुळे मांजा तिथंच आहे. सकाळी आठच्या उन्हात, शटर उघडायला जाताना, पानांतून तो चमकतो.

मी त्याला म्हटलं, विचार करून सांगतो.