आईच्या वयाची रायफल

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी सातलाच आईची हाक आली, "शस्त्रं कुठायत तुझी? आण बाहेर सगळी." इथल्या घड्याळाप्रमाणे नवमी नक्की कधी संपली यावर तिचं आणि कॅलेंडरचं जमत नव्हतं. शेवटी खंडेनवमी आणि दसरा दोन्ही आजच उरकायचं ठरलं. डायनिंग टेबलवर लाल कापड अंथरलं. त्यावर विळी (तिनेच सांगलीहून बॅगेतून आणलेली), माझं ड्रिल, बायकोचं शिवणयंत्र, दोन लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्या मांडल्या. आपट्याची पानं इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात कुठून आणणार? झेंडू मात्र अंगणात भरपूर होता.

मी रायफलचं नाव काढलं नव्हतं. आई इथे आल्यापासून पंधरा दिवस तळघरातल्या सेफबद्दल तिने एक शब्दही विचारला नव्हता, म्हणून मला वाटलं विषय टळला. "आणि ती?" तिने जिन्याकडे बोट केलं.

आणली. आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकली: हात लावायचा नाही. हे सोवळं नव्हतं, कायदा होता. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक हातात धरलेली इथल्या केंद्रीय कायद्याला चालत नाही, शिकारीचा परवाना असेल तर गोष्ट वेगळी. मी स्वतः एच-वन या नोकरीच्या व्हिसावर होतो तोवर नेमबाजीच्या क्लबातल्या मित्रांच्या रायफली काचेतल्या दागिन्यांसारख्या लांबूनच बघत आलो. ग्रीन कार्ड हातात आलं त्याच महिन्यात दुकानात जाऊन बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला. "मला कुठे लावायचाय हात," आई म्हणाली. "अक्षता लांबूनच टाकतात."

रिवाजाप्रमाणे रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून उघडा ठेवला आणि नळी भिंतीकडे करून ती कापडावर ठेवली. रेमिंग्टन मॉडेल ८१, वुड्समास्टर, ३५ रेमिंग्टन काडतुसाची. वजन पावणेचार किलोच्या घरात. नळीभोवती पूर्ण लांबीचं एक जाड नळकांडं असल्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला ती रायफल न वाटता पाण्याचा पाइप वाटते. सुंदर म्हणता येणार नाही. अक्रोडाचा दस्ता मात्र सुंदर आहे, आणि उजव्या अंगाची सेफ्टीची लांबलचक पट्टी थंडीत हातमोजे घालूनही खाली दाबता येते. या रायफली १९३६ ते १९५० एवढीच वर्षं निघाल्या. त्याआधी हीच यंत्रणा मॉडेल ८ म्हणून १९०६ पासून विकली जात होती. नळीवर महिन्याचं अक्षर ठोकलेलं असतं. त्यासाठी कंपनीने 'ब्लॅकपावडरएक्स' हा बारा अक्षरांचा शब्दच घेतला होता: बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, असं करत एक्सला डिसेंबर. माझ्या नळीवर ई आहे, म्हणजे ऑक्टोबर. वर्षाची अक्षरं १९४८ ची. आई जानेवारी १९४९ ची. तीन महिन्यांनी थोरली आहे ही तिच्यापेक्षा.

आईने चष्मा चढवून नाव वाचलं. "रेमिंग्टन? अरे, आमचा टाइपरायटर होता रेमिंग्टन."

तोच! मी उगाचच ओरडलो. दोन्हींचं माहेर एकच: न्यूयॉर्क राज्यातलं इलियन. रेमिंग्टन घराण्याने १८२८ पासून तिथे बंदुका केल्या, आणि १८७३ च्या सुमारास त्याच कारखान्यात टाइपरायटरही करायला घेतला. १८८६ मध्ये टाइपरायटरचा धंदा त्यांनी विकला. पुढे दोन वेगळ्या कंपन्या झाल्या, पण नाव दोघींनीही ठेवलं. मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं आजही संगणकापुढे बसून 'रेमिंग्टन ले-आउट' म्हणतात, त्याचं मूळ हे असं बंदुकीच्या कारखान्यात निघतं.

इलियनचा बंदुकांचा कारखाना या वर्षी मार्चमध्ये बंद झाला, हेही मी सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. ती साठच्या दशकातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पोचली होती. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस. पुढे ऑफिसात खंडेनवमीला सगळ्या मशीनना झेंडूचे हार. "कॅरेजवर कुंकू लावू नका म्हणून हेडक्लार्क ओरडायचे. आम्ही लावायचोच."

दस्त्यावर मी कुंकवाचं बोट टेकवलं. आईने लांबून अक्षता टाकल्या. चांगल्या मूठभर टाकल्या.

रविवार, २० ऑक्टोबर

आजचा दिवस फुकट गेला.

क्लबच्या रेंजवर साडेआठला पोचलो तेव्हा गवतावर दहिवर होतं. आई मागे बाकावर, शाल, कानावर माझे जुने इअरमफ, हातात थर्मास. पन्नास यार्डांवर कागद लावला. पाच काडतुसं वरून एकेक दाबून भरली. या रायफलीचं मॅगझिन सुटं होत नाही. हिला सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही येतं. प्रत्यक्षात पाच गोळ्या, आणि एकदा चाप ओढला की एकच बार. पुढचं काडतूस नळीत चढवायचं काम तेवढं ती स्वतः करते.

ते काम ती ज्या पद्धतीने करते त्यासाठीच मी ती घेतली. जॉन ब्राउनिंग या बंदुकांच्या संशोधकाने १९०० साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. त्याची ऑटो-५ ही शॉटगन याच तत्त्वावर चालते. बार उडाला की बोल्ट एकटा मागे येत नाही, त्याच्याशी जखडलेली अख्खी नळी त्या नळकांड्याच्या आतून मागे सरकते. शेवटाला पोचल्यावर बोल्ट तिथे अडकून राहतो आणि नळी एकटीच स्प्रिंगच्या जोरावर पुढे परतते. ती पुढे निघाली की रिकामी पुंगळी मागे उघडी पडते आणि बाहेर उडते. नळी जागेवर बसली की ती बोल्टची अडक सोडवते, आणि बोल्ट नवं काडतूस घेऊन तिच्या मागोमाग येतो. खांद्याला हे सगळं कळतं. आधी एक ढकल, मग आत काहीतरी पुढे गेल्याचा हिसका, मग एक खट्. कुणीतरी तुमच्या खांद्यावर ट्रंक ठेवून पुन्हा उचलल्यासारखं वाटतं.

पहिला बार ठीक. दोनशे ग्रेन (सुमारे तेरा ग्रॅम) वजनाची बोथट गोळी, सेकंदाला दोन हजार फुटांच्या वर थोडी, काळ्या वर्तुळाच्या जरा खाली लागली. पुंगळी उजवीकडे उडाली. पुढचं काडतूस मात्र नाक खाली घालून अडकलं. सेफ्टी लावली, नळी समोर ठेवून ते काढलं, पुन्हा भरलं. दुसरा बार झाला आणि या वेळी नळी परतली ती अशी सावकाश, की दुपारचं झोपून उठल्यासारखी. तिसऱ्याला पुंगळी बाहेरच पडली नाही. मी थांबलो. अडलेल्या रायफलीशी हट्ट करायचा नसतो.

शेजारच्या बाकावर क्लबातले एक म्हातारे गृहस्थ असतात, आयुष्यभर लेथवर काम केलेले. त्यांनी नळकांड्याला कान लावल्यासारखं केलं आणि निदान केलं: आतलं ग्रीस वाळलंय, उन्हाळ्यात पातळ होतं म्हणून चालली, आता थंडीत घट्ट झालंय. "आतल्या स्प्रिंगा खोलायच्या नादी लागू नकोस," असंही बजावलं. मग सवयीने त्यांनी फ्रँक हॅमरची गोष्ट सुरू केली. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीला २३ मे १९३४ रोजी लुइझियानात गाठणाऱ्या टेक्सस पोलिसांतल्या त्या माजी रेंजरकडे मॉडेल ८ होती. या रायफलीचा विषय निघाला की प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो. मला ती ऐकवत नाही. जी रायफल हजारो शेतकऱ्यांनी आणि लाकूडतोड्यांनी हरणाच्या मोसमात खांद्याला लावली, तिची ओळख एका रस्त्यावरच्या दोन प्रेतांनी का व्हावी?

गाडीत आईने विचारलं, "नक्की बिघडलं काय?" नळी मागे जाते, परत येते, ते सगळं सांगितलं. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कॅरेजच की. ओळ संपली की ढकलायचं, परत जागेवर. आमची कॅरेज अडली की रॉकेल घालायचो."

मंगळवार, २२ ऑक्टोबर

पेट्रोलपंपावर रॉकेल मिळालं. इथे ते लोक हीटरसाठी नेतात. रेशनच्या रांगेशिवाय मिळालेलं बघून आईला जरा विचित्रच वाटलं.

ही रायफल दोन भागांत सुटते, हे तिचं मोठं सुख. पुढचं लाकूड काढलं, त्याखालचा दुमडता खटका फिरवला की नळी नळकांड्यासकट हातात येते. पूर्वी लोक अशी ती वळकटीत बांधून आगगाडीने शिकारीला जायचे. नळीचा भाग मी गॅरेजमध्ये बादलीत उभा केला आणि वरून रॉकेल ओतलं. आई दारात खुर्ची टाकून बसली. हात लावायला बंदी होती, तोंडाला नव्हती. "हळू ओत. आता हलव. आता दहा मिनिटं सोड. अरे सोड म्हटलं ना."

पहिलं रॉकेल बाहेर आलं ते काकवीच्या रंगाचं. दुसरं चहासारखं. तिसरं जवळजवळ स्वच्छ. बहुधा पहिल्या मालकाने कधीतरी भरलेलं ते ग्रीस असेल. मागच्या भागात मॅगझिनच्या खाचेत मी ब्रश घातला, खालची पट्टी दाबली, उलटी करून फडक्यावर ठोकली.

फडक्यावर तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवाचा. मग आणखी एक, अर्धा.

मी आईकडे बघितलं. ती बादलीकडे बघत होती. "ग्रीसच होतं हं ते," ती म्हणाली, "केवढं काळं निघालं."

नंतर शिवणयंत्राच्या तेलाचे चारच थेंब दिले. ती म्हणाली होती दोन.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

काल पाडव्याच्या दिवशी रेंजवर वीस गोळ्या झाडल्या. एकदाही अडली नाही. आधी एकेकच भरून पाहिलं, मग दोन, मग पाच. शंभर यार्डांवर नळीच्या टोकावरची नेमाची माशी काळ्या वर्तुळाच्या तळाशी टेकवली की गोळ्या तळहातात मावतील एवढ्या जागेत बसतात. उघड्या नेमाने आणि माझ्या डोळ्यांनी याहून जास्त मागणं अन्याय होईल. पुंगळ्या सगळ्या वेचून आणल्या. हे काडतूस दुकानात वर्षातून एकदोनदाच दिसतं आणि दिसलं की महाग असतं, म्हणून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून घ्यायच्या. ३५ रेमिंग्टन अजून टिकून आहे ते मार्लिन कंपनीच्या लिव्हर रायफलींमुळे. नाहीतर मॉडेल ८ आणि ८१ वाल्यांकडे नुसती भिंतीवरची शोभा उरली असती.

आज मामाचा व्हिडिओ कॉल आला. आईने फोनलाच ओवाळलं. मामाची लांज्याजवळ आंब्याची बाग आहे आणि रानडुकरांपायी काढलेल्या परवान्याची एकनळी बाराबोअर. ती सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे, निवडणुकीची आचारसंहिता लागली ना. "डुकरांना कोण सांगणार आचारसंहिता?" मामा म्हणाला. वीस तारखेला मतदान, तेवीसला निकाल, आणि मग पावती घेऊन बंदूक आणायला खेप.

मी माझी रायफल दाखवली तर त्याचा पहिलाच प्रश्न आला, "पाच लागोपाठ? मग हरीण किती मारलीस?"

एकही नाही. यावर तो जे हसला ते आईला आवडलं नाही. पण खरं तेच आहे. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. २०१७ पासून ससे, खारी, कोल्हे यांच्यासाठी परवानगी झाली, हरणासाठी नाही. म्हणजे हरणासाठीच बनवलेली, नाव वुड्समास्टर, आणि मी राहतो त्या राज्यात तिला रानात हरणामागे जायला मनाई. शेजारच्या काही राज्यांत चालते. दोन तास गाडी चालवून जायचं मनात दरवर्षी येतं. जात नाही. मला हरीण नकोच असावं. मला ती नळी मागे जाऊन परत येताना हवी असते, आणि ते कागदावरही होतं. मामाला हे पटणं शक्य नाही. त्याची बंदूक कामाची आहे. एका रात्रीत डुकरं त्याची निम्मी नाचणी उलटीपालटी करतात.

"तुमच्याकडे निवडणुकीत जमा करत नाहीत?" त्याने विचारलं. परवा मंगळवारी इथेही मतदान आहे. नाही म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज रायफलीने हरणं मारायचा पहिला दिवस. पूर्वी हा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि शाळांना चक्क सुट्टी असायची. २०१९ पासून शनिवारी सुरू होतो. शेजारचा पहाटे चारलाच गाडी काढून गेला. अंगात नारिंगी जॅकेट, मागे मुलगा पेंगत.

उजाडताना टेकडीपलीकडून बार ऐकू यायला लागले. एक. बराच वेळ काही नाही. मग दोन, लांब लांब. आई चहा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, सवयीने मोजत. बावीस वर्षं लोकांचे शब्द मोजलेली बाई आहे ती. "हे लोक हळू टाइप करतात," म्हणाली.

मी खाली जाऊन सेफ उघडला, रायफलीवर तेलाचं फडकं फिरवलं, परत ठेवली. दस्त्याच्या नक्षीत कुंकवाची एक बारीक रेघ अजून आहे. रॉकेलने गेली नाही. मी घासलीही नाही.

वर आलो तर आईने ओठांवर बोट ठेवलं. अंगणात पाच हरणं उभी होती, तिच्या करपलेल्या झेंडूच्या वाफ्यात. एक मादी मान वर करून टेकडीकडे कान लावून होती.

"सगळा गाव त्यांना शोधायला रानात गेलाय," आई कुजबुजली, "आणि ही इथे. थांब, दार उघडू नकोस. मोजू दे."