दवाखान्याच्या भिंतीवरचे विलायती कुत्रे

माझा दादा जनावरांचा डॉक्टर. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकताना गाई-म्हशी तपासल्या, आता पेशंट सगळे लॅब्रेडॉर आणि पग. नवा दवाखाना काढला तेव्हा वेटिंग रूमच्या भिंती त्याने माझ्या गळ्यात मारल्या. अट एकच, औषध कंपन्यांची गोचिडा-जंतांची पोस्टरं नकोत. मी जुनी कार्टून कुत्री सुचवली. शंभरेक वर्षांपूर्वीची, जाड रेघेची, मोजक्या रंगांची.

दादा लगेच म्हणाला, "मग स्नूपी लाव नं!" कॉमिकमधल्या या स्नूपी कुत्र्याचे जनक चार्ल्स शुल्झ २००० साली गेले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे स्नूपीसाठी २०६० संपायची वाट पाहायची. मग त्याला ग्रामोफोनपुढे बसलेला एचएमव्हीचा कुत्रा आठवला. ते चित्र काढणारे फ्रान्सिस बॅरॉड १९२४ साली वारले, पण ते चित्र पडलं ट्रेडमार्क, आणि ट्रेडमार्कचा हिशेब वर्षांवर चालत नाही. धंद्याच्या जागी कशाला ती कटकट?

शेवटी दोन इंग्रज चित्रकार पक्के केले. सेसिल ऑल्डिन १९३५ साली गेले आणि जॉर्ज स्टडी १९४८ साली, तेव्हा दोघांचीही मुदत उलटून गेलेली. ऑल्डिन घरच्याच कुत्र्यांना मॉडेल करायचे. क्रॅकर नावाचा बुल टेरिअर आणि मिकी नावाचा आयरिश वुल्फहाउंड सोफ्यावर एकमेकांच्या अंगावर लोळत असायचे आणि हे समोर बसून चितारायचे. स्टडींचा बोन्झो म्हणजे गुबगुबीत, खादाड पिल्लू. 'द स्केच' या साप्ताहिकात १९२२ साली त्याचं बारसं झालं, आणि मग पोस्टकार्डांपासून खेळण्यांपर्यंत विलायतेत जिकडेतिकडे तोच. मला विचाराल तर ऑल्डिन चित्रकार म्हणून कितीतरी वरचे. पण कुत्र्याला सुई टोचायला आणलेल्या माणसाला हसवायचं तर बोन्झोच हवा.

ऑल्डिनची चित्रं इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमधून उतरवली. इथे मापाचं गणित मांडावंच लागतं. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्वच्छ ए-३ प्रिंट हवी तर चित्र ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचं लागतं. मला आवडलेलं एक चित्र जेमतेम १९०० पिक्सेल रुंद, म्हणजे नीट छापायचं तर सोळा सेंटिमीटर. ताणून मोठं करण्यापेक्षा ते छोटंच ठेवायचं आणि भोवती जाड पुठ्ठ्याचा रुंद माउंट द्यायचा असं ठरवलं. बोन्झोची पोस्टकार्डं बाबांच्या रेल्वेतल्या एका मित्राकडे निघाली. काकांनी ती हातात दिली नाहीत. त्यांच्याच घरी, त्यांच्या देखरेखीखाली स्कॅन केली, ६०० डीपीआयने, त्यामुळे दुप्पट मापात छापायची सोय झाली.

पोस्टकार्ड भिंगाखाली धरलं की गंमत दिसते. बोन्झोचा गुलाबी गाल मुळात गुलाबी नसतोच, पांढऱ्यावर लाल ठिपके विरळ मांडलेले असतात. जुन्या छपाईची ही जाळी स्कॅनरच्या आडव्या-उभ्या ओळींशी जुळली नाही की चित्रावर पाण्यासारख्या लाटा उठतात. स्कॅनरमध्ये 'डिस्क्रीन' नावाची सोय असते, ती लाटा घालवते, पण ठिपकेही पुसट करते. मी ती बंद ठेवून जास्त डीपीआयवर स्कॅन केलं आणि ठिपके तसेच राहू दिले. जुनेपण त्या ठिपक्यांतच तर आहे.

खरी लढाई प्रिंटवाल्याकडे. कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराने फाइल उघडताच एका क्लिकमध्ये मागचा पिवळसर कागद पांढराशुभ्र केला. "पाहा ताई, कसं मस्त क्लीन होऊन गेलं!" झालं होतं खरं क्लीन, कुत्रं एकदम मोबाइलवरचं स्टिकर दिसत होतं. डाग आणि घड्या काढा, कागदाचा रंग राहू द्या, हे त्याला पटवता पटवता घसा कोरडा पडला. मग ग्लॉसी नको, मॅट. त्यानंतर लॅमिनेशनचा आग्रह. आपल्याकडे मार्कशीटपासून देवाच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट होतं, त्यात त्याची काय चूक! ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, मॅट कागद आणि पिगमेंट शाई यावर मी अडून बसले. डाय शाई उजेडाने लवकर उडते, आणि त्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर तिथे काय ऊन येतं हे नागपूरकराला सांगायला नको.

फ्रेमसाठी नागपूरच्या महाल भागात गेले. फ्रेमवाले काका चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बोन्झो न्याहाळत राहिले. "हे रडून राहिलं का हासून राहिलं?" म्हटलं, काका, चोरी पकडली गेल्यावरचं तोंड आहे ते. ते पोट धरून हसले आणि फेविकॉलचा डबा पुढे ओढला. मी घाईने हात आडवा घातला. दवाखान्यात मार्चपासून कूलर चालतो. कूलरची दमट हवा कागद पितो आणि फुगतो, रात्री कूलर बंद झाला की आकसतो. चारी कडांनी चिकटवलेल्या कागदाला हलायला जागा नसली की त्याला लाटा पडतात. म्हणून फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेप, खालची बाजू मोकळी. काकांना हे काही पटेना. "खाली घसरलं तं मले नका सांगू." पण टेप लावली त्यांनी एकदम सफाईने, आडवा तुकडा उभ्यावर टी-सारखा ठेवून, नखाने दाबत. माउंटमुळे काच कागदाला टेकत नाही. मागे हार्डबोर्ड घालून कडा टेपने बंद केल्या, नाहीतर पावसाळ्यात कसर आत शिरते. खालच्या कोपऱ्यांना मागून रबराच्या चकत्या लावल्या, भिंतीला ओल आली तरी फ्रेम जरा सुटी राहावी म्हणून. खर्चात फ्रेमा प्रिंटच्या दुपटीवर गेल्या, आणि दादाने बिल पाहून जे तोंड केलं तेही फ्रेम करण्यासारखं होतं.

पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत मोकळी सोडली. चित्रं उत्तरेकडच्या भिंतीवर, बाकावर बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील इतक्या खाली, पण शेपटीच्या टप्प्याबाहेर. लॅब्रेडॉर खुशीत आला की खालचं काही जागेवर राहत नाही.

लोक विचारतात, डॉक्टर, ही कोणती ब्रीड? दादा बिनदिक्कत सांगतो, "बोन्झो. भारतात मिळत नाही." मांजरवाल्यांनी मात्र तक्रार केली की आमचं एकही चित्र नाही. लुई वेन या इंग्रज चित्रकाराने माणसांसारखी चहा पिणारी, पत्ते खेळणारी मांजरं ढिगाने काढली आहेत. तोही १९३९ सालीच गेला, तेव्हा कॉपीराइटचा प्रश्न नाही. स्कॅन शोधते आहे. महालातल्या काकांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "या. फेविकॉल झाकून ठेवतो."