फोटो असताना रेसकोर्सवर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी घोड्यांची चित्रं काढतो. प्रदर्शनात कुणीतरी हमखास म्हणतं, "घोड्यांचे हवे तेवढे फोटो मोबाईलवर मिळतात. त्यासाठी कोल्हापूरहून पुण्याच्या रेसकोर्सवर कशाला जाता?" (पैसे लावत नाही. तोही प्रश्न येतोच.)

पायांचं म्हणाल तर फोटो पुरतो. भरधाव घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये फोटो काढून दाखवलं. त्याआधीचे चित्रकार ते पुढे-मागे ताणून काढायचे. तो वाद तिथंच मिटला. अंगाचा बांध समजून घ्यायला कोल्हापुरातल्या कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्याचा घोडाही चांगला; जातायेता मी त्याच्या मांड्या बघतोच. पण धातूला दम लागत नाही.

मला हवा असतो तो दम. पुण्याचा सीझन पावसाळ्यात. पहाटे सरावाला आलेलं जनावर पळून थांबलं, की मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, शेजारी उभं राहून बघावं. नाकपुड्या फुलून आतला लाल भाग दिसतो, मानेवरच्या शिरा तट्ट फुगतात, लगामाची वादी घासते तिथं पांढरा फेस. तोंड मात्र मिटलेलं. घोडा श्वास घेतो तो फक्त नाकाने, तोंडाने त्याला घेताच येत नाही. भरधाव पळताना तर एका झेपेला एक श्वास, असा हिशेब. आणि आपल्याकडच्या चित्रांत जोश दाखवायला घोड्याचा जबडा हटकून वासलेला! अहो, लगाम खेचला की तोंडातलं लोखंड रुततं, म्हणून जबडा उघडतो. दाखवायला जातात शौर्य आणि दिसते कळ.

शिवाय बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटात आटोपते. आपल्यासमोरून घोडे जातात ते काही सेकंद. बाकी सगळा वेळ खरारा, पाणी, नाल तपासणं आणि दम बसेपर्यंत गोल गोल फिरवणं. माझी बरीचशी चित्रं त्या फिरवण्याचीच आहेत. चालता चालता घोड्याचा एक कान मोतद्दाराकडे वळतो, तो मला सापडला तो तिथंच. फोटोवाले तेव्हा शर्यत संपते त्या खांबाशी गर्दी करून असतात.

गिऱ्हाइकाला अजूनही वास्तूसाठी सात पळणारे घोडेच हवे असतात. तेही काढून देतो, रंगांचे पैसे निघायला हवेत ना. पण सातही तोंडं मिटलेली. त्यावरून कुणी कितीही हुज्जत घातली तरी ऐकत नाही.