औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे?

आरोग्यसेवेच्या विकेंद्रीकरणावरचे कागद आज दिवसभर वाचले. जबाबदारी खाली ढकलायची आणि पैसा वर ठेवायचा, हा घोळ फार जुना आहे. फिलिपिन्समध्ये 1991च्या कायद्याने बरीच रुग्णालयं प्रांतांकडे गेली. केंद्राकडून मिळणाऱ्या निधीचं सूत्र मात्र लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि समान वाटा यांवर! कुणाच्या गळ्यात किती रुग्णालयं पडली, हे त्यात धरलंच नाही.

ब्राझीलचं मला जास्त पटतं. 1988च्या संविधानात विकेंद्रीकरण आणि लोकसहभाग शेजारी-शेजारी लिहिलेत. 1990च्या कायद्यानुसार आरोग्य परिषदेत, म्हणजे धोरण आणि खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळात, निम्मे सदस्य सेवा घेणारे लोक. परिषद, वेगळा आरोग्य निधी आणि आराखडा नसेल, तर केंद्राचा पैसा थेट नगरपालिकेच्या हाती येत नाही.

सगळंच खाली आणू नये, हेही खरं. औषधांची खरेदी एकत्र केली तर दर उतरतो, गुणवत्तेची तपासणी नीट होते. मागणी मात्र दवाखान्यानेच ठरवावी. महिन्याला 400 गोळ्या संपतात आणि माल यायला 3 महिने लागतात, तर शिल्लक साठा 1200 अधिक थोडा राखीव एवढ्यावर आला की मागणी गेलीच पाहिजे. हा शिल्लक साठ्याचा आकडा दाराबाहेरच्या फळ्यावर रोज लिहा. औषध का संपलं, हे लोक मग नेमक्या माणसाला विचारू शकतात.