गुडघ्याचा एक्सरे आणि पटवर्धन

आज बाबांच्या गुडघ्याचा एक्सरे काढायला ठाण्यात गेलो, नंबर यायला तब्बल दोन तास लागले, आणि शेवटी त्या पोराने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली तेव्हा ती राखाडी हाडं बघून मला एकदम चित्रकार सुधीर पटवर्धन आठवले 😄 म्हणजे बघा ना, हा माणूस १९७५ ते २००५ याच ठाण्यात रेडिओलॉजिस्ट, दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि उरलेल्या वेळात तीच माणसं कॅनव्हासवर, तीही हाडामांसासकट! इराण्याकडे बसलेला माणूस, लोअर परळ, रस्त्यावरची कामगार मंडळी. पेंटिंग शिकायला कुठल्या आर्ट स्कूलात गेले नाहीत, डिग्री पुण्याच्या एएफएमसीची, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजची.

मला जास्त भारी वाटतं ते वेगळंच. २००८ च्या सुमारास त्यांनी मोठमोठ्या भारतीय चित्रकारांची ओरिजिनल चित्रं गोळा करून मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवली. नाहीतर आपल्याकडे चित्र बघायचं तर मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी गाठा, नाहीतर कॅलेंडरवर समाधान माना.

बाबांना हे सगळं रिक्षात सांगत होतो, ते म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण गुडघ्याचं काय म्हणाले?"

रिपोर्ट उद्या.