दहा रुपयांचा वॉशर

"ताई, नळ टाकू नका, पितळेचा आहे," प्लंबर काका म्हणाले आणि सिंकवरचा नळ खोलून आतला काळा वॉशर माझ्या तळहातावर ठेवला. रबरावर गोल खाच पडलेली. थेंब थांबत नाही म्हणून आपण नळाची मूठ अजून जोरात पिळतो आणि त्यानेच ते रबर अजून कापलं जातं, हे त्यांनी मला नीट दाखवून सांगितलं.

नवा वॉशर बसला, टेफलॉन टेप गुंडाळली, गळती बंद.

मी सहज बोलले, की आधी एक मुलगा बघून गेला तो तर अख्खा नळच बदला म्हणत होता. काका थांबले जरा.

"त्याचं पण काय चुकलं ताई? वॉशर दहा रुपयांचा, वर मजुरी मागितली की लोक भांडतात. नवा नळ लावला की कोणी भांडत नाही."

हे डोक्यातून जातच नाहीये. वस्तूचे पैसे आपण निमूट देतो, पण बिघाड नेमका कुठे आहे ते ओळखणाऱ्या हाताला द्यायचे म्हटलं की घासाघीस, आणि मग म्हणतो दुरुस्ती करणारे राहिले नाहीत. रात्रभर त्या थेंबांनी पातेलं भरायचं हो! 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच महाराष्ट्रात राहतो ना आपण, मग हे काम किरकोळ कसं?

तुमच्याकडे नुसता वॉशर बदलून देणारं कोणी आहे का अजून? आणि मजुरी किती देता?