कर्व्हबॉल: एकही सूर न ऐकता परत आलो तो फेस्टिव्हल

२०१८ च्या ऑगस्टमध्ये फिश ह्या अमेरिकन बँडचा कर्व्हबॉल फेस्टिव्हल ऐनवेळी रद्द झाला आणि परत आल्यावर ऑफिसात जो भेटेल तो एकच विचारत होता, रिफंड मिळाला ना? मग झालं तर! ह्या 'मग झालं तर'ने माझं जे काही डोकं फिरायचं ते शांत व्हायला म्हणून तेव्हा लिहायला घेतलं होतं, अर्धवट पडलं, आता पूर्ण करतोय. रिफंड मिळाला हो. तिकिटाचे सगळे पैसे परत आले. पण पैशाचं कोण बोलतंय.

फिश हे नाव ज्यांना माहीत नाही (म्हणजे माझे सगळे नातेवाईक) त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या युनिव्हर्सिटीत १९८३ साली सुरू झालेला बँड, गिटारवर ट्रे अनास्टासिओ, बेसवर माइक गॉर्डन, कीबोर्डवर पेज मॅकॉनेल आणि ड्रम्सवर जॉन फिशमन, जो लाल गोल गोल छापाचा झगा घालून येतो आणि मधेच उठून व्हॅक्यूम क्लीनर वाजवतो, हो, तोंडाला लावून वाजवतो, मजा म्हणून. रेडिओवर ह्यांचं गाणं कधी लागत नाही म्हणलं तरी चालेल. पण दोन दिवस लागोपाठ गेलात तर दोन्ही दिवशी वेगळी गाणी, आणि तेच गाणं महिन्याने परत ऐकलं तर ते सहा मिनिटांचं पंचवीस मिनिटांचं झालेलं असतं. २०१७ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवलं आणि तेराही रात्री मिळून एक गाणं रिपीट केलं नाही. आणि लोकांना रेकॉर्डिंग करायला परवानगी आहे, माइकच्या उंच काठ्या उभारून बसलेल्या टेपर लोकांसाठी वेगळी जागाच असते.

मी लहानपणी बाबांबरोबर रमणबागेत सवाईला जायचो, स्वेटर घालून, चटईवर, निम्मा वेळ झोपलेला. त्यामुळे असेल, पण पहिल्यांदा फिश ऐकलं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. बंदिश सगळ्यांना पाठ असते, पुढे काय होणार ते त्या रात्रीवर. फरक एवढाच की इथे एक गाणार आणि बाकीचे साथ करणार असं काही नसतं, ट्रे एक छोटासा तुकडा टाकतो, पेज तो उचलतो, तेवढ्यात माइक खालचा आधारस्वरच हलवून टाकतो आणि मग चौघेही मूळ चाल सोडून भलतीकडेच निघून जातात, आणि वीस मिनिटांनी कुठल्या तरी वेगळ्याच गाण्याच्या दारात जाऊन उभे राहतात. ते जमतंच असं नाही. कधीकधी अगदीच भरकटतं, तेही मी बघितलंय आणि तेव्हा ढीगभर पैसे गेल्याचं दुःखही केलंय. बायको एकदाच आली होती. हे गाणं संपलं की अजून तेच चालूय, हा प्रश्न तिने इतक्या वेळा विचारला की पुढच्या वेळी तिनेच सांगितलं, तू आणि तुझा तो मित्र जा.

(इथले, अमेरिकेतले, मराठी लोक ह्याला 'तुझी वारी' म्हणतात. मी म्हणत नाही. वारीला तिकीट नसतं आणि वाटेत पाण्याची बाटली कुणी पाच डॉलरला विकत नाही.)

तर कर्व्हबॉल. फिशचे फेस्टिव्हल म्हणजे तिथे सहसा दुसरा कुठलाच बँड नसतो, सगळे दिवस फक्त हेच चौघे, आणि तंबू ठोकून राहिलेले हजारो लोक. १९९६ ला प्लॅट्सबर्गच्या जुन्या हवाई तळावर क्लिफर्ड बॉल झाला तिथून ही परंपरा. १९९९ च्या ३१ डिसेंबरला फ्लॉरिडात बिग सायप्रसला मध्यरात्री सुरू केलं ते सूर्य उगवेपर्यंत थांबले नाहीत. कर्व्हबॉल हा अकरावा, १७ ते १९ ऑगस्ट २०१८, न्यूयॉर्क राज्यात वॉटकिन्स ग्लेनच्या रेसट्रॅकवर. जागाही साधी नाही, १९७३ च्या जुलैमध्ये ह्याच ट्रॅकवर ग्रेटफुल डेड, ऑलमन ब्रदर्स आणि 'द बँड' हे तीन गाजलेले बँड एकाच दिवशी वाजले होते आणि सहा लाखांच्या आसपास लोक आले होते म्हणतात. फिशनेही २०११ आणि २०१५ चे फेस्टिव्हल इथेच केले. २०१५ ला मध्यरात्रीनंतर, काहीही न सांगता, ड्राइव्ह-इन थिएटरच्या भल्यामोठ्या पडद्यामागे उभं राहून ह्यांनी जे वाजवलं, पडद्यावर चित्रं हलतायत आणि आवाज मागून येतोय, ते आठवून मी पुढची तीन वर्षं काढली.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून, आमच्या घरून, गुरुवारी पहाटे निघालो, ऐंशी नंबरचा हायवे, तीनशे ऐंशी, मग एक्क्याऐंशीने बिंगहॅम्टन, तिथून पश्चिमेला हॉर्सहेड्स आणि मग चौदा नंबरने वर. रस्ता सुंदर आहे पण मित्र सगळा वेळ झोपला होता आणि मी सगळा वेळ मंगळवारच्या पावसाच्या बातम्या ऐकत होतो. मंगळवारी, १४ तारखेला, त्या फिंगर लेक्स म्हणजे वॉटकिन्स ग्लेनच्या आसपासच्या तळ्यांच्या पट्ट्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला होता, पूर आले होते, वाटेत ओढ्यांच्या काठाला चिखल आणि मोडलेल्या फांद्या दिसत होत्या. पण आकाश निळं होतं. आत जायच्या रांगेत दीड-दोन तास गेले, लोक गाडीतून उतरून फ्रिसबी खेळत होते, कुणीतरी आमच्या खिडकीतून दोन थंड पीच आत टाकले आणि पुढे गेला. तंबूंच्या ओळींतली आमची ओळ लागली, तंबू उभा केला, शेजारी एका बाजूला मिशिगनच्या दोन बहिणी आणि दुसऱ्या बाजूला व्हरमाँटचे एक साठीचे काका, पांढरी दाढी, त्यांनी क्लिफर्ड बॉलपासून सगळं बघितलेलं. मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणत होतो.

मी बर्फ आणायला शेकडाउनला गेलो होतो. शेकडाउन म्हणजे कॅम्पमधली ती मधली गल्ली जिथे लोक टीशर्ट, पिना, बरिटो, ग्रिल्ड चीज असलं सगळं विकतात, आणि रात्री नशेसाठी ओढायच्या नायट्रस गॅसचे फुगे विकणारेही येतात, ज्यांचा तो सिलिंडरचा फुस्स आवाज मला अजिबात सहन होत नाही. बर्फाची पिशवी घेऊन वळलो तर एक मुलगी रस्त्यातच खाली बसली होती, फोन हातात, आणि तिचा मित्र नुसता म्हणत होता, नाही, नाही, नाही. मला वाटलं घरी काहीतरी झालं. फोनला रेंज नव्हती, कारण सगळेच एकदम फोन बघत होते. मग एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे करत कळलं. रद्द. सगळंच. पुरामुळे गावाच्या पाणीपुरवठ्यात गढूळपणा आलाय, पाणी पिण्यालायक नाही, एवढ्या हजारो लोकांना तीन दिवस सुरक्षित पाणी देता येणार नाही, राज्याच्या आरोग्य खात्याचा निर्णय.

मी पळत आलो. मित्र सांगलीचा आहे, २००५ चा पूर त्याने घराच्या माळ्यावर बसून काढलाय. त्याला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाही नाही. म्हणला, बरोबर केलं. पूर ओसरल्यावर नळाला काय येतं ते मी बघितलंय, इथे चाळीस हजार लोकांना जुलाब लागले तर त्या प्लॅस्टिकच्या संडासांचं काय होईल विचार कर. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला! कारण तो शंभर टक्के बरोबर बोलत होता. आपल्याकडे स्वाइन फ्लूच्या वर्षी सवाईसुद्धा डिसेंबर २००९ वरून जानेवारी २०१० ला ढकललं होतंच की. पण ते ढकललं होतं. हे ढकललं नाही, हे गेलं.

मला वाटलं होतं आता लोक चिडतील, बाटल्या फेकतील, काहीतरी होईल. काही नाही झालं. पहिला तासभर विचित्र शांतता होती, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, मिशिगनच्या बहिणींपैकी धाकटी ढसाढसा रडली, तिने ह्यासाठी नोकरीतली सगळी सुट्टी साठवली होती. रात्र तिथेच काढायला परवानगी होती, दुसऱ्या दिवशी निघायचं. आणि मग अंधार पडायच्या सुमाराला काय झालं की प्रत्येकाच्या लक्षात आलं, आपल्या कूलरमध्ये तीन दिवसांचं खाणं आहे आणि एकच रात्र आहे. त्यानंतर जे सुरू झालं ते मी कुठल्याच पार्टीत बघितलेलं नाही. काकांनी कॅम्प स्टोव्हवर मका भाजला. आम्ही मुगाच्या डाळीची खिचडी टाकली, आमच्या गॅलनच्या पाण्यात, मिशिगनवाल्यांना फोडणीचा वास इतका आवडला की तिसऱ्या ओळीतून लोक वाट्या घेऊन आले. वाट्या म्हणजे कॉफीचे मग. मित्राने पार लोणच्याची बाटली काढली, जी तो मला सुद्धा देत नाही. विकणाऱ्यांनी उरलेले बरिटो वाटून टाकले. पाणी कुणी लपवून ठेवलं नाही, ज्याच्याकडे जास्त त्याने ओळीच्या तोंडाशी ठेवून दिलं.

काकांनी तेव्हा २००४ च्या कॉव्हेंट्रीची गोष्ट सांगितली. व्हरमाँटमध्येच होता तो, आणि बँड मोडणार म्हणून शेवटचा. पावसाने शेताचा चिखल झाला, गाड्या रुतायला लागल्या, तेव्हा स्वतः माइक गॉर्डनने फेस्टिव्हलच्या रेडिओवरून सांगितलं की आता एकही गाडी आत घेता येणार नाही, परत जा. लोक काय परत जाणार! हायवेच्या कडेला गाड्या सोडल्या, पाठीवर तंबू घेतले आणि मैलोनमैल चालत गेले. काका त्यातलेच. मी विचारलं, मग शो कसा झाला? म्हणले, बहुतेक भयंकर. ट्रे रडत होता, गाणी तुटत होती. पण चालणं छान होतं. (बँड पुढे २००९ ला परत एकत्र आला, नाहीतर मी ह्या भानगडीत पडलोच नसतो.)

जेवण झाल्यावर मी एकटा फिरायला निघालो. आता स्टेजवर काही होणारच नव्हतं त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या गाडीच्या स्पीकरवर आपला लाडका जुना शो लावला होता. एका ओळीत १९९७ चा फंक ढंगाचा शो, पुढच्या ओळीत बिग सायप्रसची ती सूर्योदयापर्यंतची रात्र, त्याच्या पुढे २०१३ चं लेक टाहोचं अर्ध्या तासाच्या वर चाललेलं 'ट्वीझर', ज्यात गर्दी मधेमधे 'वू' ओरडते, आणि गाणं तिथे येताच आजूबाजूचे तंबूतले लोक न बघताच बरोबर त्या जागी 'वू' ओरडत होते. मी चालतोय आणि वर्षं बदलतायत. दोन गाड्यांच्या मधोमध उभं राहिलं की दोन वेगवेगळे ट्रे एकाच वेळी डोक्यात, कर्कश, आणि मी तिथे उगाच पाच मिनिटं उभा राहिलो.

परत आलो तर काका, मित्र, दोघी बहिणी आणि कुठून कुठून आलेले सात-आठ जण एका पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत होते. न झालेल्या शोची सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी! शुक्रवारी सुरुवात कशाने केली असती, दुसऱ्या सेटमध्ये कुठलं गाणं लांबलं असतं, मध्यरात्रीचं गुपित काय असतं. आणि काय भांडणं! एकजण म्हणे अमुक गाणं मागच्याच आठवड्यात झालंय, ते पहिल्या रात्री येणं शक्य नाही, दुसऱ्याने वहीतून आकडे काढून दाखवले, शेवटचं कधी, किती शो आधी. माझ्या मित्राला फिशची धड दहा गाणी माहीत नाहीत, तो केवळ माझ्या गाडीखर्चात वाटा म्हणून येतो, तो पण तावातावाने सांगत होता की एन्कोरला, म्हणजे शेवटच्या जादा गाण्याला, काहीतरी हळू पाहिजे, लोक दमलेले असतील. पहाटे तीनपर्यंत हे चाललं. तीनही दिवस लिहून झाले.

आता हे ऑफिसातल्याला कसं समजावणार? नाटक रद्द झालं तर पुढच्या रविवारी तेच नाटक बघता येतं. हे चौघे १७ ऑगस्टला त्या माळावर, त्या हवेत, एकमेकांचं ऐकून जे वाजवणार होते ते आता ठरवूनही वाजवता येणार नाही, त्यांना स्वतःलासुद्धा माहीत नाही ते काय होतं. रिफंड त्याचा मिळत नाही, तो पार्किंगचा आणि तिकिटाचा मिळतो.

शुक्रवारी सकाळी सगळं आवरून निघालो, रांग येतानापेक्षा हळू होती. परतीच्या वाटेवर एका मोटेलने आमचा अवतार बघून खोली नाहीये सांगितलं, पार्किंग पूर्ण रिकामं असताना, सरळ घरी आलो. शनिवार-रविवार मी लॉन कापलं.

पुढचा फेस्टिव्हल व्हायला सहा वर्षं गेली. मॉन्डेग्रीन, ऑगस्ट २०२४, डेलावेअरमध्ये डोव्हरला, चार दिवस, आम्हाला तर अडीच तासांवर. गेलोच. मरणाचं उकडत होतं, सावलीसाठी लोक गाड्यांच्या खाली पडले होते. पुठ्ठा काकांकडे आहे, ते रोज रात्री त्यावरून ताडून मेसेज करायचे आणि बँडने त्यातलं एकही गाणं आम्ही लिहिलेल्या जागी वाजवलं नाही. मित्राने ह्या खेपेला तंबूपेक्षा पाणीच जास्त भरलं होतं, मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा नाही, आणि तिथे नळाला चांगलं स्वच्छ पाणी. त्यातले बरेचसे गॅलन आमच्या गॅरेजमध्ये पडलेत, बायको विचारते हे कधी काढणार, मी म्हणतो पुढच्या फेस्टिव्हलला.